६० हजार किलोमीटर पळालेली टूरिंग बाईक घ्यायचीय? मग आधी एवढं बघा

जुनी टूरिंग गाडी, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटरसायकल, बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती पळालीय. आणि ५०-६० हजारच्या वरचा आकडा ऐकला की निम्मे लोक तिथनंच माघारी फिरतात. मी पण असाच फिरायचो. पण गेल्या काही वर्षांत दोन जुन्या गाड्या स्वतः वापरल्या, मित्रांसाठी म्हणून पंधरा-वीस तरी बघितल्या, आणि आता माझं मत पक्कं झालंय की गाडी पळून खराब होत नाही, ती उभी राहून, पाणी खाऊन आणि ऑईल न बदलता चालवून खराब होते. इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते गार असताना स्टार्ट केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. कोल्हापुरात राजारामपुरी ते शाहूपुरी एवढ्याच फेऱ्या मारणारी गाडी दिवसातनं चार वेळा गार स्टार्ट होते, नीट तापायच्या आत बंद होते, आतला ओलावा आणि न जळालेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, वर सिग्नलला क्लच आणि गिअरचा मारा वेगळाच. तेच सकाळी कोल्हापुरातनं निघून टॉप गिअरला ८० नं दुपारी बेंगलोरच्या अलीकडं पोचणाऱ्या गाडीचं इंजिन दिवसातनं दोन-तीनदाच स्टार्ट होतं आणि बाकी वेळ एका तापमानाला मजेत चालतं. म्हणून १८ हजार पळालेली पण दारात सडलेली गाडी आणि ६० हजार पळालेली सांभाळलेली गाडी समोर असेल तर मी डोळे झाकून ६० हजारची बघायला जातो. घेताना मात्र डोळे उघडे पाहिजेत, म्हणून हे सगळं लिहितोय.

(मायलेज हा शब्द मी मुद्दाम टाळतोय, आपल्याकडं मायलेज म्हटलं की लोकांना ॲव्हरेज वाटतं. इथं सगळीकडं रनिंग असं लिहितो, म्हणजे एकूण पळालेले किलोमीटर.)

आपल्या भागात सेकंडहँड टूरिंगमध्ये जास्त करून रॉयल एनफिल्डच्या थंडरबर्ड आणि हिमालयन ४११, बजाजच्या डॉमिनार ४०० आणि ॲव्हेंजर २२० दिसतात. कुठली भारी यावर मी भांडत बसणार नाही, पण आतला फरक माहीत असावा कारण पुढचा खर्च त्यावरच ठरतो. थंडरबर्डच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनला हायड्रॉलिक टॅपेट असतात, ते व्हॉल्व्हची फट आपोआप राखतात, म्हणजे टॅपेट सेटिंगचं कामच नाही. हिमालयन ४११ ला स्क्रूचे टॅपेट आहेत, ते वेळच्या वेळी सेट करावे लागतात पण कुठलाही चांगला मेस्त्री करतो. डॉमिनारचं इंजिन ३७३ सीसीचं लिक्विड कूल्ड आहे, म्हणजे कूलंट, रेडिएटर, पंखा एवढं जास्तीचं बघायचं, आणि २०१९ पासूनच्या मॉडेलला डबल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट) आला, त्याचं व्हॉल्व्हचं काम जरा वेळखाऊ आणि महाग. बंद झालेल्या मॉडेलवर जीव असेल, होंडाची सीबीआर २५० आर किंवा महिंद्राची मोजो म्हणा, तर टोकन द्यायच्या आधी पार्टच्या दुकानात जाऊन क्लच प्लेट, केबल, ब्रेक पॅड आणि टायमिंग चेन (इंजिनच्या आतली) मिळते का एवढं विचारा. मिळत असेल तर खुशाल घ्या.

आता आपल्या कोल्हापूरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, महापूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. पंचगंगेचं पाणी गावात शिरलेलं, पुलाची शिरोलीजवळ हायवे बंद, आणि किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. त्यातल्या बऱ्याच धुऊन पुसून परत रस्त्यावर आल्या. गाडी २०२१ च्या आधीची असेल तर मी मालकाला सरळ विचारतो, "दादा, पुरात गाडी कुठं होती?" चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या लोकांचं खरं तर कौतुक वाटतं, बरेच जण पाणी वाढतंय म्हटल्यावर आधी गाडी आणि जनावरं वर हलवतात, त्यामुळं गाव ऐकून गाडी नाकारू नका. पण तपासा.

तपासायचं कसं तर सीट काढायला सांगा. बॅटरीच्या डब्याचे कोपरे, टूलकिटची जागा, साईड पॅनलच्या आतली बाजू, एअर फिल्टरचा डबा, हेडलाईटची काच आतनं. नदीचा गाळ लई बारीक असतो, वाळला की पिठासारखा कोपऱ्यात बसतो आणि कितीही वॉशिंग केलं तरी सगळा निघत नाही. वायरिंगचे कनेक्टर दोन-तीन उघडून बघा, आतल्या पितळी पिना हिरव्या झाल्या असतील तर तिथं पाणी मुरलंय. सीटखालच्या स्क्रूची डोकी गंजलेली आणि बाहेरचे नट मात्र नवे चकचकीत, हे पण लक्षण. एकदा मित्रासाठी २२ हजार पळालेली गाडी बघायला गेलो, बाहेरनं अशी की शोरूममधनं आणल्यासारखी, तो तर पैसे काढूनच बसला होता. आमच्या मेस्त्रींनी बॅटरी उचलून खाली बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्यापुढं धरलं. राखाडी गाळ. आम्ही चहा पिऊन माघारी आलो. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग एकदा पाण्यात गेलं की आज चालेल, उद्या आंबा घाटात रात्री बंद पडेल, आणि कारण कुणालाच सापडणार नाही. असली गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी घेऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

गाडी बघायला शक्यतो सकाळी जा आणि आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, "काका, आम्ही आठला येतो, तोपर्यंत स्टार्ट करू नका." पोचल्यावर आधी इंजिनजवळ हात न्या. गरम लागलं आणि मालक म्हणाला की आत्ताच जरा पेट्रोल टाकून आलो, तर तासभर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत जा. गार इंजिन खोटं बोलत नाही. पहिल्या स्टार्टला टायमिंग चेनचा खडखड आवाज दोन-चार सेकंदांत गेला तर चालतंय, तापल्यावरही राहिला तर चेन आणि टेन्शनरचा खर्च धरा. सायलेन्सरमधनं गार हवेत थोडी पांढरी वाफ येतेच, ती जाते. निळा धूर मात्र ऑईल जळतंय म्हणून. ॲक्सिलेटर सोडून परत पिळल्यावर निळा झोत आला तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील, सतत जोर देताना येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर. पहिलं काम परवडतं, दुसरं पण उद्यमनगरात (आपल्याकडची लेथ-वर्कशॉपची वसाहत) होतं, पण त्याचे पैसे किमतीतनं आधी वळते झाले पाहिजेत. ऑईलची काच किंवा डिपस्टिक बघा, दुधाळ दिसलं तर ऑईलमध्ये पाणी आहे. लिक्विड कूल्डमध्ये रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं, आत तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. गरम असताना ते झाकण चुकूनसुद्धा उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं.

रनिंगच्या आकड्यावर मी अर्धाच विश्वास ठेवतो, डिजिटल मीटर पण बदलता येतो. गाडीचं बाकीचं अंग बघा. फूटरेस्टचं रबर, गिअर लिव्हरचं रबर, ग्रिप, चावी आणि कीहोल, आणि सगळ्यात खरं म्हणजे ब्रेकची डिस्क. डिस्कच्या कडेला बोटानं चाचपा, झिजली असेल तर काठ लागतो. डिस्कवर कमीत कमी जाडी किती पाहिजे ते कोरलेलं असतं, मेस्त्रीकडं व्हर्नियर असतो, मोजा. मीटरवर १५ हजार आणि डिस्क संपत आलेली, हे जुळत नाही. याच्या उलट मालकानं जर सर्व्हिसची बिलं पिशवीत जपून ठेवली असतील आणि प्रत्येक बिलावर रनिंग लिहिलेलं असेल तर त्या पिशवीला मी पाच-सात हजार जास्त द्यायला तयार असतो.

टूरिंगची म्हणून खास दुखणी असतात ती वेगळी बघायची. सामानाचा स्टे (कॅरिअर) आणि बॅगा लावून हजारो किलोमीटर नेलेली गाडी असेल तर सीटखालच्या सबफ्रेमच्या वेल्डिंगला केसासारखी चीर गेलीय का, परत वेल्डिंग मारलंय का बघा. जास्तीचे फॉगलाईट, मोबाईल चार्जर, हॉर्न यांच्या वायरी कुठनं घेतल्यात ते बघा, वेगळा फ्यूज आणि रिले लावून केलं असेल तर मालक जबाबदार आहे, मूळ वायर सोलून टेप गुंडाळला असेल तर ते सगळं काढून नीट करायला लागेल. क्रॅशगार्ड नवा असेल तर जुना का बदलला ते विचारा. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा, लॉकला टेकतो तो स्टॉपर वाकलेला किंवा तुटलेला असेल तर गाडी कधीतरी जोरात आपटलीय.

मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा, मधोमध खट्ट करून अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेलाय. पुढच्या शॉकअपच्या पाईपवर तेलाचा ओघळ म्हणजे सील गेलं. मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ लागला तर बेअरिंग किंवा चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) बुश. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला धरून ओढा, अर्ध्याच्या वर दात उघडा पडला की सेट संपला. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण टायर सहा वर्षांचा असेल तर त्याचं रबर लाकूड झालेलं असतं, पावसात गाडी सरकते. असा टायर मी शून्य किमतीचा धरतो. जवळ मल्टिमीटर असावा, दोन-तीनशेला मिळतो. बंद गाडीची बॅटरी साडेबाराच्या आसपास व्होल्ट दाखवायला पाहिजे आणि स्टार्ट करून रेस दिल्यावर पावणेचौदा ते साडेचौदाच्या मध्ये. वर गेली किंवा तेराच्या खालीच राहिली तर चार्जिंगमध्ये घोटाळा आहे.

टेस्ट राईड गल्लीतली नको. मालकाला मागं बसवा किंवा तुमची गाडी तारण ठेवा, पण कावळा नाक्यावरनं हायवेला लागून कागलपर्यंत जाऊन या आणि जमलं तर पन्हाळा चढा. हायवेला टॉप गिअरमध्ये ५० वर असताना एकदम ॲक्सिलेटर द्या, इंजिनचा आवाज वाढला पण गाडी तेवढी ओढत नसेल तर क्लच प्लेट घसरतायत. ८० ला हँडल थरथरतंय का, ब्रेक मारताना लिव्हरमध्ये धडधड येतीय का. पन्हाळ्याच्या चढाला तापल्यावर पंखा चालू होतोय का, आणि वर पोचून बंद करून दहा मिनिटांनी परत स्टार्ट होतीय का. बऱ्याच गाड्या गार असताना बटणाला उठतात आणि गरम झाल्या की नखरे करतात, टूरवर तेच नडतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. परिवहनच्या साईटवर नंबर टाकून फिटनेस, इन्शुरन्स, बोजा आहे का आणि चलन किती थकलंय ते बघा. चासी नंबर हँडलखाली फ्रेमच्या मानेवर असतो, तो आरसीशी स्वतः जुळवा. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घ्या. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सह्या करून कागद दिलेत, सावकाश करू, असं करत वर्ष घालवू नका, दोघांच्याही मानेला फास आहे तो. आपल्याकडं निपाणी, चिकोडी, बेळगावच्या केए-२३, केए-२२ पासिंगच्या गाड्या स्वस्तात मिळतात, त्यांना तिकडची एनओसी लागते आणि इकडं टॅक्स भरून नंबर बदलायला लागतो, तो खर्च मिळवला की स्वस्ताई बऱ्याचदा संपते. एक एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का तेही विचारा. गाडी १५ वर्षांच्या जवळ असेल तर आरसी रिन्यूचा खर्च धरा, ती पाच वर्षांसाठी होते. आणि इन्शुरन्स नावावर करून घेताना लक्षात ठेवा, नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही.

भाव करताना आवाज चढवायची गरज नसते. जे सापडलं ते कागदावर लिहायचं, टायर, चेन सेट, कोनसेट, बॅटरी, समोर आकडे टाकायचे आणि तो कागद मालकापुढं ठेवायचा. माणूस समंजस असेल तर तिथंच जमतं. माझा नियम असा की हातात एक लाख असतील तर गाडी ७५ हजारांपर्यंतचीच बघायची, उरलेले २५ तिच्यावरच जाणार आहेत, पहिल्या महिन्यातच.

कारण गाडी घरी आली, पेढे वाटले, अंबाबाईला नेऊन आणली की लगेच गोवा गाठायचं नाही. आधी सगळं शून्यावर आणायचं. इंजिन ऑईल, फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑईल, क्लच आणि ॲक्सिलेटर केबल, ब्रेक पॅड. मालकानं मागच्याच महिन्यात बदललंय असं सांगितलं तरी बिल नसेल तर बदलायचं. कोनसेट आणि चिमटा खोलून ग्रीस भरायचं, पुढच्या शॉकअपचं ऑईल बदलायचं, ते बिचारं ६० हजारपर्यंत कुणी बघितलेलंच नसतं. हायड्रॉलिक टॅपेट नसतील तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स मोजून घ्यायचा. हे झालं की एका वहीत तारीख आणि रनिंग लिहून सुरुवात करायची, पुढचं सगळं त्या वहीवर चालतं.

ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑईलचं मानांकन) असलेलंच घ्या, कारचं ऑईल घातलं तर क्लच घसरू शकतो. कंपनी १० हजारला बदला म्हणत असली तरी जास्त रनिंगच्या गाडीला मी ५ हजारलाच बदलतो, आणि दर हजारला लेव्हल बघतो. जुनं इंजिन थोडं ऑईल खातंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण लेव्हल खाली गेलेली कळली नाही म्हणून इंजिन जाम झालेलं मी बघितलंय. चेन दर ५०० किलोमीटरला, रॉकेल किंवा चेन क्लीनरनं साफ करून ९० नंबर गिअर ऑईल किंवा स्प्रे, पेट्रोलनं धुवायची नाही, आतले ओ-रिंग खराब होतात. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला. गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरताना लहान गिअर धरा आणि ब्रेकवर सारखा पाय ठेवू नका, पाणी ओढलेलं जुनं ब्रेक ऑईल तिथंच उकळतं आणि लिव्हर हातात रिकामा येतो. ऊस तोडणीच्या दिवसात ट्रॉल्यांच्या मागं धूळ आणि पाचट खात जावं लागतं, तेव्हा एअर फिल्टर निम्म्या अंतराला उघडून बघा.

उद्यमनगर आपल्या हाताशी आहे याचा फायदा घ्या. चिमट्याचा बुश, स्टेचे ब्रॅकेट, व्हॉल्व्ह सीटचं काम, मोडलेल्या थ्रेडला नवा थ्रेड, असली कामं तिथं लेथवर डोळ्यादेखत होतात आणि जो पार्ट महिनाभर येत नाही म्हणून गाडी उभी राहते त्यावर तिथं संध्याकाळपर्यंत तोड निघते. पण ब्रेक, स्टेअरिंग आणि चाकाच्या एक्सलमध्ये जुगाड अजिबात नको, तिथं ओरिजिनल पार्टच.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल पाणी ओढतं आणि २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाईप, ओ-रिंग त्यासाठी केलेले नसतीलच असं धरून चाला. पाईप कडक झालाय, चिरा गेल्यात असं दिसलं की बदला. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फुल करून लावा, रिकाम्या टाकीत ओलावा जमून आतनं गंज धरतो आणि तोच गंज पुढं इंजेक्टरला जातो. आठवड्यातनं एकदा नुसती पाच मिनिटं चालू करून बंद करण्यात फायदा नाही, त्यानं वर सांगितलेला ओलावाच वाढतो. एक तर २० किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर बॅटरीची वायर काढून झाकून ठेवा.

आणि पावसातनं आल्यावर वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप चेन, चाकाचे बेअरिंग, रेडिएटरच्या जाळ्या आणि सीटखालच्या वायरिंगवर मारू देऊ नका, पोराला आधीच सांगा. साध्या पाण्यानं धुऊन, दोन किलोमीटर ब्रेक मारत फिरवून वाळवा, चेनला त्याच संध्याकाळी ऑईल लावा. सकाळपर्यंत ठेवलं तर लाल गंज आलेला असतो.